पाहायला सांगणारा येशू

आमचं घर मूळचं वसईचं, कॅथलिक. रविवारची मिस्सा चुकायची नाही, पण ती कारखान्यात हजेरी लावल्यासारखी. बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी लागली, चिंचणीला बिऱ्हाड केलं आणि हौसेने कॅमेरा घेतला, तेव्हा डोक्यात देव नव्हता, पक्षी होते.

पक्ष्यांच्या मागे हिंडताना एक खेकडा भेटला. नखाएवढा. ओहोटी लागली की ओल्या वाळूतल्या बिळातून वर येतो, नांग्यांनी वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं सूक्ष्म अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. बघता बघता बिळाभोवती गोळ्यांची नक्षी उमटते. ती टिपायची तर पोटावर आडवं व्हायचं आणि सावली पडू द्यायची नाही. पडली की स्वारी आत. भरती आली की सगळं पुसलं जातं. पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून.

मी फोटो काढला नसता तर हे कोणी पाहिलंच नसतं, असं आधी वाटायचं. हळूहळू वाटू लागलं, माझ्याआधी कोणीतरी पाहतच होतं.

मग मत्तयाचं शुभवर्तमान नीट वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू काळजीने पोखरलेल्या माणसांना आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं बघायला सांगतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांना 1893 साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, तेव्हा त्यांना धरून ठेवलं ते याच प्रवचनाने. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. फुलामुलांचा कवी नेमका इथंच अडकावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

समुद्र म्हणजे देव, असं मात्र ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही. समुद्र ही निर्मिती, निर्माता वेगळा. म्हणूनच ती राखणं हे श्रद्धेचंच काम, असं पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात बजावलं. आमच्या किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक पाहिलं की ते अजून कानावर गेलेलं दिसत नाही.

ओहोटी गाठायचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्येला संध्याकाळी पाचच्या सुमारास या. मत्तयाचा सहावा अध्याय घरून वाचून आलात तर उत्तम. कॅमेरा नसला तरी चालेल.