राखणीचे कुत्रे आणि शिकवणीचा गळपट्टा

ग्रामीण भागात वस्तीच्या राखणीसाठी कुत्रे पाळण्याची पद्धत जुनी आहे. परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठापासून माळावरच्या वस्तीपर्यंत कोठेही गेले तरी दारात एक तरी कुत्रे असतेच. उस्मानाबादी शेळ्यांचा वाडा, कांद्याची चाळ, विहिरीवरील मोटार व केबल यांची राखण ते करते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देण्यास जावे लागते, तेव्हा सोबतही त्याचीच असते. या कामाबद्दल त्याला मिळते ती बहुधा शिळी भाकरी.

परंतु हेच कुत्रे काही वेळा डोकेदुखी ठरते. रात्रभर विनाकारण भुंकणे, मोटारसायकलच्या मागे धावणे, कोंबड्या धरणे, शेळ्यांना पळवणे, ठिबकच्या नळ्या चावून फोडणे अशा तक्रारी शेतकऱ्यांकडून ऐकू येतात. यावर उपाय म्हणून अलीकडे ‘शिकवणीचे पट्टे’ मोबाईलवरून मागवता येऊ लागले आहेत. एक-दोन हजार रुपयांत मिळणारी ही वस्तू घ्यावी किंवा नाही, अशी विचारणा होते. मी पीकशास्त्र शिकवणारा माणूस, पशुवैद्यक नव्हे. परंतु वस्तीवर वाढलो आहे आणि मागील वर्षी एक प्रसंग जवळून पाहिला, म्हणून या विषयाची माहिती गोळा केली.

तालुक्यातील एका वस्तीवर ज्वारीचे पीक पाहण्यास गेलो असता तेथील कुत्र्याच्या गळ्यात प्लॅस्टिकची काळी डबी दिसली. भुंकले की झटका देणारा तो पट्टा होता. शेतकरी म्हणाले, “सर, रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नव्हता. आता बघा, कुई करत नाही.” खरोखरच कुत्रे गप्प होते. पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन आला. रात्री वाड्यातून दोन करडे गेली होती. वन कर्मचाऱ्यांनी ठसे पाहून लांडगा असल्याचे सांगितले. कुत्रे वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, जागे, आणि गप्प बसलेले होते.

पट्ट्यांचे प्रकार

द्वाड गुराच्या गळ्यात लोढणे अडकवण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. लोढणे गुराला काही शिकवत नाही, फक्त पळू देत नाही. बाजारातील काही पट्टे या जातीचे आहेत, तर काही शिक्षा करणारे आहेत.

साधा चामड्याचा किंवा नायलॉनचा पट्टा सर्वांच्या परिचयाचा आहे. ओढल्यावर आवळणारी साखळी व आतून बोथट काटे असलेला पट्टा हे ओढणारे कुत्रे आवरण्यासाठी वापरतात. झटका देऊन त्या ओढल्यास श्वासनलिकेला इजा होऊ शकते, त्यामुळे अननुभवी माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

विजेच्या पट्ट्याचे दोन प्रकार आहेत. एकात मालकाच्या हातात रिमोट असतो व तो कळ दाबून झटका देतो. दुसऱ्यात डबीच गळ्याची थरथर किंवा आवाज ओळखते व आपोआप झटका देते. दोन्हींत धातूची दोन टोके गळ्याच्या कातडीला टेकलेली असतात. काही पट्टे झटक्याऐवजी नुसती थरथर किंवा शिटी देतात.

चौथा प्रकार फवाऱ्याचा. कुत्रे भुंकले की नाकासमोर सिट्रोनेला तेलाचा बारीक फवारा उडतो. गवती चहाच्याच कुळातील सिट्रोनेला गवतापासून हे तेल काढतात व डास पळविण्यासाठी ते वापरले जाते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९६ साली झालेल्या एका लहान प्रयोगात मालकांना विजेच्या पट्ट्यापेक्षा हा फवारा अधिक गुणकारी वाटला. मात्र बेलफास्ट येथे २००१ साली ३० कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पट्टा सतत घातला तर कुत्र्यांना फवाऱ्याची सवय होते व भुंकणे पुन्हा वाढते. म्हणजे तेलाचा खर्च चालू आणि भुंकणेही चालू!

झटका कुंपण आणि झटका पट्टा यांतील फरक

रानडुकरांसाठी आपण शेताभोवती झटका मशीन लावतो. मग कुत्र्याला थोडासा झटका दिला तर काय बिघडले, असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

कुंपणाची तार एका जागी असते. जनावर स्वतः तिच्याकडे जाते, नाक लावते, झटका बसतो व ते मागे सरते. तार आणि झटका यांचा संबंध त्याला लगेच उमगतो. तार टाळली की त्रास टळतो, हेही कळते. पट्टा मात्र कुत्र्याबरोबर सगळीकडे जातो. झटका कोठून आला हे त्याला दिसत नाही. त्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी ते त्रासाची सांगड घालते. शेळीकडे पाहून भुंकताना झटका बसला तर शेळी म्हणजे दुखणे, पाहुण्यावर भुंकताना बसला तर पाहुणा म्हणजे दुखणे. अशा कुत्र्यांपैकी काही भेदरतात, काही उलट चावरी होतात. रिमोटची कळ दाबण्यास दोन-तीन सेकंद उशीर झाला तर शिक्षा भलत्याच गोष्टीला मिळते. एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात रिमोट घेऊन वेळ साधणे कोणाला जमणार?

इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६३ कुत्री होती. हाक मारल्यावर परत न येणे, मेंढ्यांच्या मागे लागणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या, म्हणजे आपल्यासारख्याच. अनुभवी शिक्षकांनी विजेचा पट्टा वापरूनही, खाऊ व शाबासकी देऊन शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा निकाल सरस आला नाही. ताणाची लक्षणे मात्र पट्टेवाल्या कुत्र्यांत अधिक दिसली. वेल्समध्ये तर २०१० पासून विजेच्या पट्ट्यावर बंदी आहे.

आपोआप चालणाऱ्या पट्ट्याचा दोष वेगळा आहे, आणि राखणीच्या दृष्टीने तोच मोठा आहे. कुत्रे वाऱ्याने हललेल्या ताडपत्रीवर भुंकते की वाड्यात शिरलेल्या लांडग्यावर, हे त्या डबीला कळत नाही. दोन्हींना शिक्षा सारखीच. कीड न ओळखता फवारणी केली तर मित्रकीटकही मरतात, तसाच हा प्रकार आहे. वरील शेतकऱ्यांच्या कुत्र्याने शिकवल्याप्रमाणेच केले. त्याला गप्प बसण्यास शिकवले, ते गप्प बसले.

आपल्या भागात या गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. माळरानावर लांडगा पूर्वीपासून आहे. शेजारच्या करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये माणसांचे बळी घेणाऱ्या बिबट्याला गोळी घालावी लागली होती. डिसेंबर २०२४ मध्ये तर टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ येडशी-रामलिंग परिसरात पोहोचला. उसाचे क्षेत्र आहे तेथे बिबट्याला लपण्यास जागा मिळते. उसाच्या फडाशेजारी रात्री मोटार चालू करण्यास जाणाऱ्या माणसाला कुत्र्याचे भुंकणे हीच पहिली सूचना असते.

भुंकण्याचे कारण शोधावे

चार-पाच दिवस एका वहीत नोंद ठेवावी : कोणत्या वेळी भुंकते, कोणत्या दिशेला, किती वेळ, आणि कशाने थांबते. बहुतेक वेळा उत्तर या वहीतच मिळते.

सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे. असे कुत्रे रात्री जोर काढते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवण्यात हयगय करणे हा गुन्हा आहे. त्यावर सोपा उपाय असा : दोन खांबांमध्ये दहा-बारा मीटर तार ताणून बांधावी, तारेत कडी ओवून तिला साखळी अडकवावी. कुत्र्याला तारेच्या लांबीएवढे फिरता येते. तारेजवळ सावली व पाणी असावे. ठिबकच्या नळ्या चावण्यामागेही पुष्कळदा तहान हेच कारण असते, म्हणून उन्हाळ्यात पाण्याची कुंडी भरलेली ठेवावी.

भूक हे दुसरे कारण. नुसत्या भाकरीवर ठेवलेले कुत्रे कोंबडी धरणारच. याशिवाय अंगावर गोचिड्या, कानात पू किंवा खरूज असली तरी कुत्रे अस्वस्थ राहते. मोटारसायकलच्या मागे धावणे हा मात्र बऱ्याच अंशी जातीचा गुण आहे. कारवानी कुत्रा पळणारी वस्तू दिसताच तिच्या मागे लागतो, याच गुणासाठी तो शिकारीला वापरला जात असे. वस्ती रस्त्याला लागून असेल तर असे पिल्लू आणण्यापूर्वी विचार करावा.

‘बस’ शिकवणे

भुंकणे बंद करणे हा हेतू नसावा. भुंकून वर्दी द्यावी आणि सांगितले की थांबावे, एवढेच शिकवावे. त्यासाठी साधा पट्टा, एक दोर आणि भाकरीचे बारीक तुकडे पुरतात. गूळ-तूप लावलेला तुकडा असल्यास काम लवकर होते. चॉकलेट व द्राक्षे मात्र कुत्र्यास देऊ नयेत, ती विषारी ठरतात.

कुत्रे भुंकू लागले की उठून तिकडे पाहावे. मालक आला हे कुत्र्याला दिसले पाहिजे. मग एकदाच, न ओरडता, ‘बस’ म्हणून नाकाजवळ तुकडा धरावा. वास घेताना कुत्रे भुंकू शकत नाही. ते गप्प झाले त्याच क्षणी तुकडा द्यावा. पुढे दोन सेकंद गप्प राहिल्यावर, मग पाच, मग दहा असे वाढवत न्यावे. दररोज पाच-दहा मिनिटे दिल्यास काही आठवड्यांत फरक दिसतो. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. वडील ‘बस’ म्हणतात, मुलगा ‘गप’ म्हणतो आणि आजी चप्पल फेकते, अशा घरात कुत्रे काही शिकत नाही. आपण ओरडलो तर मालकही आपल्याबरोबर भुंकतो आहे असेच त्याला वाटत असावे!

लक्ष वेधण्यासाठी किंवा खाण्यासाठी भुंकणाऱ्या कुत्र्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. सुरुवातीस ते अधिकच भुंकते. तेथे कंटाळून एकदा जरी भाकरी टाकली तरी अधिक वेळ भुंकल्यास भाकरी मिळते, हा धडा पक्का होतो.

शेळ्या पळवणाऱ्या कुत्र्यास पाच-सहा मीटर लांब दोर बांधून कळपाजवळ न्यावे. शेळ्यांकडे पाहून शांत उभे राहिले की तुकडा द्यावा, झेप घेतल्यास दोर धरून मागे फिरावे, मारू नये. सवय होईपर्यंत दोर सोडू नये. मोठ्या कुत्र्यास महिना-दोन महिने लागतात. त्यापेक्षा पिल्लूच शेळ्यांत वाढवणे सोपे. पिल्लाच्या वयाचे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांतील दिवस यासाठी फार मोलाचे असतात. या वयात ज्यांचा सहवास मिळतो त्यांना ते आपले मानते.

करडे गमावलेल्या त्या शेतकऱ्यांनी पट्टा काढून टाकला. गळ्यावर दोन्ही टोकांच्या जागी जखमा झालेल्या निघाल्या. कुत्रे पुन्हा भुंकू लागण्यास सव्वा महिना लागला. तारेची सोय केल्यावर त्याचे रात्रीचे निरर्थक भुंकणे बरेच कमी झाले आहे. वाड्यालाही आता वरपर्यंत जाळी आहे.

पट्टा घालताना

साध्या पट्ट्याचीही काळजी घ्यावी लागते. पट्टा व गळा यांमध्ये दोन बोटे सहज जावीत. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्यास पाहावा, अन्यथा तो कातडीत रुतून बसतो. पावसाळ्यात ओल्या पट्ट्याखाली जखम होते व माशी बसून अळ्या पडतात. ज्यांच्याकडे विजेचा पट्टा आधीच आहे, त्यांनी तो रात्री राखणीच्या वेळी घालू नये, पिल्लास, म्हाताऱ्या, गाभण किंवा भित्र्या कुत्र्यास तर मुळीच घालू नये.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. उघड्यावर साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला वाढलेले ताटच. रात्री कुत्रे घराला लागून जाळीच्या खोपीत ठेवावे, तेथून ते भुंकून वर्दी देऊ शकते. हिमालयातील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरून टोकदार काटे असलेला लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या गळाच धरतो. आपल्याकडील लोहाराला असा पट्टा घडवणे अवघड नाही. आतील बाजूस जाड चामडे लावून घ्यावे.

शेवटी एक सूचना, कारण येथे हयगय जिवावर बेतते. चांगले वागणारे कुत्रे एकाएकी चिडखोर झाले, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, दिसेल त्यास चावू लागले किंवा उलट अंधारात एकटे पडून राहू लागले, तर ते बिघडले आहे असे समजून शिकवण्यास जाऊ नये. पिसाळण्याची ही लक्षणे असू शकतात. त्याच्या जवळ न जाता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कोणास चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, मिरची काहीही लावू नये, व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. आपल्या कुत्र्यास तिसऱ्या महिन्यात पहिली लस द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी टोचून घ्यावी. टोचल्याची तारीख गोठ्याच्या नोंदवहीतच लिहून ठेवली म्हणजे शेळ्यांच्या लसीबरोबर तीही लक्षात राहते.