युद्ध आणि विद्यापीठ (भाग ६) : खान्देशातली युद्धकाळातली कॉलेजे

जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय, दोन्ही १९४५ सालची. त्याच वर्षी ८ मे रोजी युरोपातले युद्ध थांबले आणि १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. जळगावच्या कॉलेजसाठीची संस्था तर १९४४ मध्ये, लढाई ऐन भरात असतानाच उभी राहिली होती. रॉकेल, कागद, धान्य सगळ्यांची चणचण असताना एका मागास म्हटल्या गेलेल्या भागाने कॉलेजचा घाट घातला, हे धाडसाचेच होते.

तोवर खान्देशातल्या मुलाला मॅट्रिकनंतर घर सोडावेच लागे. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासून होते, पण बी.ए.साठी नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठायची. युद्धात हा प्रवास आणखी जड झाला. मुंबईत १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि पुढे ते इतर शहरांतही पोहोचले. खानावळीत राहणाऱ्या परगावच्या विद्यार्थ्याला त्याची झळ लागणारच.

त्याआधी १९४२ चा ऑगस्ट येऊन गेला होता. ‘छोडो भारत’च्या हाकेने ठिकठिकाणची कॉलेजे ओस पडली, कित्येक विद्यार्थी तुरुंगात गेले, काही भूमिगत झाले. तेव्हाच्या पश्चिम खान्देश जिल्ह्यातल्या नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. खान्देशात तेव्हा कॉलेज नव्हते. चळवळीचा भार शाळकरी मुलांनीही उचलला, हे विसरून चालणार नाही.

मग कॉलेजला पैसा कुठून आला? दोन्ही कॉलेजांची नावेच सांगतात. मूळजी जेठा हे जळगावच्या कापड गिरणीशी जोडलेले घराणे. प्रतापशेठांची गिरणी अमळनेरला, आणि धुळ्याची न्यू प्रताप मिलही त्यांचीच. महायुद्धात लष्कराला कापड हवे होते. गिरण्यांना मागणी इतकी होती आणि बाजारात कापड इतके महागले होते, की १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले. खान्देशच्या कापसावर वाढलेल्या भांडवलातला काही वाटा शेवटी याच मातीतल्या पोरांच्या शिक्षणाकडे वळला, हे मोलाचे आहे. धुळे शहराला मात्र स्वतःच्या कॉलेजसाठी त्यानंतरही वाट पाहावी लागली.

कॉलेजच्या मैदानावर युद्ध खऱ्या अर्थाने उतरले ते पुढे, चीनच्या आक्रमणानंतर. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला, २६ ला आणीबाणी जाहीर झाली आणि १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांसाठी एनसीसी सक्तीची झाली. त्यावेळी खान्देशची कॉलेजे पुणे विद्यापीठाकडे होती. सकाळची कवायत, पॉलिश केलेले बूट आणि हजेरीचा धाक हे सारे तासांइतकेच अटळ झाले. नांगराची सवय असलेल्या मुलांना मैदानावरची मेहनत अवघड नव्हती. वेळ मात्र अभ्यासातून जाई.

१९६८ मध्ये ती आणीबाणी उठली आणि त्याच वर्षी एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली, आणि विद्यार्थ्यांच्या श्रमांना गावातल्या रस्त्यांची, विहिरींची, साक्षरता वर्गांची वाट मिळाली. पुढच्या आठवड्यात १९७१ च्या युद्धातले विद्यार्थी.