संस्था काढण्याआधी: पाच गैरसमज

एटापल्ली तालुक्यात शिकून गावी परतलेली पोरं-पोरी काही करायचं म्हणतात, तेव्हा पहिली सूचना येते, "आधी संस्था रजिस्टर करू." ही तळमळ मोलाची आहे. ती कागदांत अडकू नये, म्हणून काही गोष्टी स्पष्ट असाव्यात.

गैरसमज १: गावाच्या कामाला संस्था लागतेच.
वस्तुस्थिती: तेंदू, बांबू, मोहफुलं यांचा अधिकार १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेकडेच दिला आहे. त्यासाठी धर्मादाय कार्यालयात नोंदणी लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेनंच बांबू विकला.

गैरसमज २: नवं काम म्हणजे नवी संस्था.
वस्तुस्थिती: भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, तो वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीचाच भाग म्हणून. विश्वासाच्या संस्थेसोबत काम सुरू करता येतं.

गैरसमज ३: संस्था, ट्रस्ट, कंपनी सगळं एकच.
वस्तुस्थिती: १८६० च्या कायद्यानं संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, म्हणून प्रमाणपत्रं दोन. २०१३ च्या कंपनी कायद्यातली 'कलम ८' कंपनी खासगी स्वरूपात दोघांनाही काढता येते. तिन्हींत नफा आपसांत वाटता येत नाही. काम करणाऱ्याला वाजवी पगार मात्र देता येतो.

गैरसमज ४: नोंदणी झाली की निधी सुरू.
वस्तुस्थिती: आयकर सवलतीची नोंदणी वेगळी, देणगीदाराच्या सवलतीसाठी '८०जी' वेगळी. खाणीचा किंवा इतर कंपनीचा सीएसआर निधी हवा असेल, तर 'सीएसआर-१' अर्ज भरावा लागतो. परदेशी देणगीची नोंदणी सहसा तीन वर्षांचं काम आणि १५ लाख रुपयांचा खर्च दाखवल्यावरच मिळते. नव्या संस्थेनं त्या भरवशावर आखणी करू नये.

गैरसमज ५: सात नावं कुणाचीही चालतात.
वस्तुस्थिती: इथंच संस्था मोडतात. घाईत घरातली, नात्यातली नावं भरली जातात. पुढं कुणी नोकरीला नागपूरला जातं, कुणी सह्याच करत नाही. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी हिशेब सादर करावे लागतात. यातलं काही राहिलं, की बँकेतल्या सह्या बदलताना आणि अनुदान मागताना कामच थांबतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी ग्रामसभेत विषय मांडा. जे तिथं होतं, ते तिथंच करा. अभ्यासिका, आरोग्य, शिक्षण असं अनेक गावांत पसरणारं काम असेल, तर उद्देश चार सोप्या ओळींत लिहा, कार्यालयाच्या पत्त्यासाठी जागामालकाचं संमतीपत्र घ्या आणि बैठकीला खरंच येणारी सात माणसं शोधा. त्यांत माडिया समाजातल्या बाया निम्म्या तरी असाव्यात, कारण ज्यांच्यासाठी संस्था आहे, सहीचा अधिकार त्यांच्याकडे असायला हवा.