एक म्हणजे किती?

न्हावाशेवा बंदराजवळच्या जासईच्या नाक्यावर ट्रेलरची रांग लागली की रांगेतला कुणीतरी हमखास हिशेब मांडतो. बंदरात वर्षाला चौसष्ट लाख कंटेनर येतात-जातात, भागिले तीनशे पासष्ट, म्हणजे रोज साडेसतरा हजार ट्रेलर आपल्या दारावरून. मूळ आकडा खरा, भागाकारही बरोबर. तरी उत्तर साफ चुकलेले.

न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराने २०२३-२४ या आर्थिक वर्षात सुमारे ६४ लाख ३० हजार टीईयू हाताळले. गोंधळ या टीईयूत आहे. टीईयू म्हणजे पेटी नव्हे, ते वीस फुटी पेटीच्या लांबीचे माप. वीस फुटी पेटी आली की वहीत एक चढतो, चाळीस फुटी आली की दोन. दोन वीसफुटी पेट्या एकाच ट्रेलरवर मागेपुढे बसू शकतात, आणि बऱ्याच पेट्या रेल्वेने निघून जातात, त्या नाक्यावर येतच नाहीत. शिवाय रिकामी पेटीही भरलेल्या पेटीइतकीच मोजली जाते. तीच पेटी जहाजातून उतरताना एकदा आणि काही दिवसांनी दुसऱ्या जहाजात चढताना पुन्हा मोजली जाते. ही चूक नाही, कारण बंदर पेट्या मोजत नाही, उचल-ठेव मोजते. उंचीचा तर विचारच नाही. साडेआठ फूट उंचीची पेटी आणि साडेनऊ फूट उंचीची पेटी, दोघींना सारखाच मान. त्यामुळे टीईयू वाढले म्हणून माल तेवढाच वाढला असेही म्हणता येत नाही.

मोजणीतल्या बहुतेक मोठ्या चुका अशाच होतात. बेरीज चुकत नाही. ‘एक’ कशाला म्हणायचे हेच मोजणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने वेगळे धरलेले असते.

याचे याच मातीतले उदाहरण म्हणजे साडेबारा टक्के. जासई हे प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे गाव. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी याच परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. बाहेरच्या माणसाचा समज असा की प्रकल्पात शंभर गुंठे गेले तर साडेबारा गुंठ्यांचा भूखंड हाती येतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या योजनेत त्या साडेबारातले ३० टक्के, म्हणजे पावणेचार गुंठे, सामाजिक सुविधांसाठी वगळले जातात. हातात पावणेनऊ गुंठे. ३० टक्के शंभराचे नव्हेत, साडेबाराचे. हे ज्याने नीट धरले नाही त्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी कोसळतो: एकाला वाटते साडेबारा मिळाले, दुसऱ्याला वाटते काहीच उरले नाही. वाटणीला बसलेल्या चार भावांत हा फरक किती महाग पडतो ते या पट्ट्यात सांगायला नको.

आता सगळ्यात लाडका गैरसमज: मोजणी चुकली म्हणजे माणूस बेफिकीर. कामावरच्या पोराला ओरडायला हा समज सोयीचा आहे, पण डोळ्याची धाव मुळातच तोकडी आहे. १८७१ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने घेवड्याचे दाणे एका डबीकडे फेकून, आत किती पडले ते एका नजरेत ओळखण्याचा प्रयोग स्वतःवरच केला. हजाराहून जास्त वेळा. तीन आणि चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि पुढे वाढत गेल्या. चारपर्यंत आपण पाहतो, त्यापुढे मोजावे लागते, आणि मोजताना लक्ष, जीभ आणि हात तिघांना एकत्र चालावे लागते. मध्येच कुणी हाक मारली की तिघांपैकी एक पुढे जातो. म्हणून गोदामात गोणी उतरवून घेणारा चार उभ्या रेघा काढून पाचवी आडवी मारतो. ती आडवी रेघ त्याच्या आळसाची खूण नाही. नजरेला पेलेल एवढाच गठ्ठा तो बांधतो.

दुसरी चूक एकाची असते, पण हट्टी. शंभर फूट सरळ बांधावर दर दहा फुटांवर खांब रोवायचे तर खांब किती? पटकन उत्तर येते दहा. लागतात अकरा, कारण दहा ही मधल्या गाळ्यांची संख्या आहे. पण तेच शंभर फूट कुंपण शेताभोवती फिरून सुरुवातीच्या खांबाला मिळाले, तर दहाच पुरतात. ‘नेहमी एक मिळवा’ हा नियम पाठ करणारा इथे फसतो.

दिवसांचेही असेच. भाद्रपद चतुर्थी ते चतुर्दशी, चौदा वजा चार दहा, म्हणून दहा दिवसांचे गणपती असे आपण म्हणतो. दोन्ही टोके धरली तर तिथी अकरा होतात. २०२४ मध्ये ७ ते १७ सप्टेंबर असे अकरा दिवस गणपती होते. २०२३ मध्ये १९ ते २८ सप्टेंबर, म्हणजे खरोखर दहा, कारण तिथीचा क्षय झाला की तारखांतला एक दिवस गळतो. घरात यावरून फार तर मोदकांची संख्या चुकते. कंटेनरच्या बाबतीत मात्र भाडे सुरू होण्याआधीचे फुकटचे दिवस उतरल्या दिवसापासून धरायचे की दुसऱ्या दिवसापासून, हे दरपत्रकात वाचले नाही तर एका दिवसाचे पैसे खिशातून जातात.

‘शंका असेल तर पुन्हा मोजा’ हा सल्ला अर्धाच खरा. त्याच माणसाने त्याच टोकापासून पुन्हा मोजले तर तीच चूक पुन्हा होऊ शकते, आणि पहिले उत्तर डोक्यात असल्यामुळे ती सुखाने जुळते. जहाजावरून माल उतरताना दोन पक्षांचे टॅली क्लार्क वेगवेगळी नोंद ठेवण्याची पद्धत पडली ती याचसाठी. जनगणनेतही निवडक भागांत स्वतंत्रपणे पुन्हा मोजणी करतात. २०११ च्या जनगणनेनंतरच्या अशा तपासणीत हजारामागे निव्वळ २३ माणसे सुटल्याचे निघाले. त्यातला ‘निव्वळ’ महत्त्वाचा: काही सुटली, काही दोनदा मोजली गेली, आणि वजाबाकी करून २३ उरली. बेरीज तंतोतंत जुळली तरी आत एक सुटलेला आणि एक दोनदा मोजलेला शांतपणे बसलेले असू शकतात.

राहिला कंटेनरच्या पेटीवरचा नंबर. चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सुटा आकडा. तो अनुक्रमांकाचा भाग समजला जातो. तो पहारेकरी आहे. अक्षरांना ठरलेल्या किमती द्यायच्या, मग दहाही स्थानांना डावीकडून १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणून बेरीज करायची आणि ११ ने भागायचे. बाकी राहील तो हा आकडा. बाकी १० आली तर शून्य लिहितात. ‘सी एस क्यू यू ३०५४३८’ या नमुन्याच्या नंबराची बेरीज ६१८५ होते, बाकी ३, म्हणून चौकटीत ३. उतरवताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर बाकी जवळपास नेहमीच जुळत नाही, आणि संगणक नोंद नाकारतो.

पण तीच पेटी मागच्या पानावरही नोंदली आहे का, हे त्या आकड्याला कळत नाही. त्यासाठी दिवसअखेर सगळी यादी नंबराच्या क्रमाने लावावी लागते. दोनदा चढलेली पेटी मग एकाखाली एक येते.