६०० पेशंट तपासले, पण डेटा कुठे आहे?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. ती अमेरिकेत पब्लिक हेल्थ शिकते. सुट्टीत तिथल्या एका चर्चच्या गटाबरोबर होंडुरासच्या डोंगराळ भागात आठवडाभर जाऊन आली. अशा फिरत्या शिबिरांना तिकडे ‘ब्रिगादा’ म्हणतात. गावची शाळा हेच क्लिनिक, वर्गातली बाकं हीच ओपीडी. हिने पाच दिवस बीपी मोजलं आणि नोंदी केल्या. आता तिच्याकडे ६०० जणांचं रजिस्टर आहे आणि एक प्रश्न: “ताई, यातून पेपर होईल का गं?”

तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी अशा शिबिरात जाल, इथे किंवा बाहेर. म्हणून तिला दिलेलं उत्तर इथेही लिहिते.

रजिस्टर “किती जण आले” हे सांगतं. “किती जणांना फायदा झाला” हे सांगत नाही. पहिलं आउटपुट, दुसरं आउटकम. अशा अल्पकालीन मोहिमांवर जे लिहिलं जातं त्याबद्दल हीच तक्रार वारंवार होते, की वर्णन भरपूर, परिणामांची मोजणी फार थोडी.

समजा, एका मावशींचं बीपी १६०/९५ निघालं. त्या डोंगर उतरून आल्या, उन्हात रांगेत थांबल्या, समोर सगळे अनोळखी चेहरे. एवढ्या एका मोजणीवर सहसा निदान पक्कं करत नाहीत, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. पण शिबिर तर शुक्रवारी उठणार! त्यांना ३० दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. एकतिसाव्या दिवशी काय झालं, ते रजिस्टरमध्ये नाही.

बरं, तुम्ही महिन्याने परत गेलात आणि त्याच लोकांचं सरासरी बीपी उतरलेलं दिसलं, असं धरू. गोळ्यांचा गुण? घाई नको. तुम्ही निवडलेच मुळी त्या दिवशी ज्यांचं बीपी जास्त निघालं ते. बीपी रोज थोडं वरखाली होतं. त्यातले काही जण केवळ त्या दिवसापुरते वर होते, ते पुढच्या वेळी गोळी न घेताही खाली दिसणारच. याला ‘रिग्रेशन टू द मीन’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं. शिवाय परत येतात कोण? जवळ राहणारे, चालू शकणारे. ज्यांचं बिघडलं ते कदाचित आलेच नाहीत.

मग तुलनेसाठी निम्म्यांना गोळ्याच द्यायच्या नाहीत का? छे, ते करता येणार नाही. त्यापेक्षा प्रश्न लहान करा: ज्यांना सरकारी आरोग्य केंद्रात जायला सांगितलं, त्यांच्यातले तीन महिन्यांत किती जण तिथे पोचले? याला छेद आहे, अंश आहे, आणि उत्तराचा तिथल्या नर्सला उपयोग आहे. फक्त हे जाण्याआधी ठरवावं लागतं. एथिक्स कमिटीची मंजुरी, स्थानिक परवानगी, लोकांची त्यांच्या भाषेत संमती. उपचाराला आलेला माणूस अभ्यासाला आलेला नसतो.

(१९६८ साली इव्हान इलिच यांनी अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की शिकायला या, मदत करायला नको. मला ते टोकाचं वाटतं. पण फील्डवर्कला निघण्याआधी ते भाषण जरूर वाचा.)

तर पेपर नाही होणार, असं मी तिला कळवलं. आणि उलट विचारलं, की रजिस्टरची प्रत तिथल्या आरोग्य केंद्राकडे आहे ना? बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं: “नाही. ते माझ्या बॅगेत आहे.”

म्हणजे त्या मावशींच्या १६०/९५ ची एकमेव नोंद दुसऱ्या देशात, एका हॉस्टेलच्या खोलीत. पेपरचं राहू दे, आधी ते परत पाठव, म्हटलं. गटाच्या डॉक्टरांमार्फत ती आता केंद्राच्या नर्सचा पत्ता शोधते आहे.