हाउस ऑफ सँड अँड फॉग

एका घराच्या मालकीवरून उद्भवलेल्या संघर्षाचे चित्रण करणारा अमेरिकन शोकात्म चित्रपट (२००३). शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘वाळूचे आणि धुक्याचे घर’ असा होतो. दिग्दर्शक वादिम पेरेलमन. अमेरिकन कादंबरीकार आंद्रे ड्यूबस (तिसरा) याच्या ह्याच नावाच्या कादंबरीवर (१९९९) तो आधारलेला असून त्याची पटकथा पेरेलमन व शॉन लॉरेन्स ऑटो यांनी लिहिली. छायालेखन रॉजर डीकिन्स याचे व संगीत जेम्स हॉर्नर याचे आहे. बेन किंग्झली, जेनिफर कॉनली, शोहरे अग्दाश्लू, रॉन एल्डार्ड व जोनाथन अहदूत यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

पार्श्वभूमी : कथानकाला इराणमधील १९७९ च्या क्रांतीची पार्श्वभूमी आहे. शाह मुहम्मद रेझा पहलवी याने जानेवारी १९७९ मध्ये देश सोडला व पुढील महिन्यात आयातुल्ला खोमेनी परत येऊन सत्तांतर झाले. शाहच्या राजवटीशी संबंधित असलेले अनेक लष्करी अधिकारी, उद्योजक व व्यावसायिक यांना परागंदा व्हावे लागले. त्यांतील बऱ्याच कुटुंबांनी अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, आश्रय घेतला. मायदेशातील प्रतिष्ठा आणि परदेशातील सामान्य जीवन यांतील तफावत ह्या वर्गाच्या वाट्यास आली. स्वतः पेरेलमन हाही स्थलांतरित होय. त्याचा जन्म १९६३ मध्ये कीव्ह येथे झाला व किशोरवयात त्याला सोव्हिएट संघ सोडावा लागला. पुढे तो कॅनडात स्थायिक झाला. प्रस्तुत चित्रपट ही त्याची पहिलीच पूर्ण लांबीची कलाकृती होय.

कथानक : कॅथी निकोलो ही सॅन फ्रॅन्सिस्को परिसरातील किनाऱ्याजवळ वडिलांकडून वारसाने आलेल्या लहानशा घरात राहते. ती पूर्वी व्यसनाधीन होती. पतीने तिला सोडले असून घरे साफ करण्याच्या कामावर ती निर्वाह करते. खिन्न मनःस्थितीत ती आलेली पत्रे उघडूनही पाहत नाही. वस्तुतः तिला लागू नसलेला, सु. ५०० डॉलरांचा व्यवसाय कर थकल्याचे दाखवून स्थानिक प्रशासन घर जप्त करते व त्याचा लिलाव करते.

शाहच्या वायुदलातील माजी कर्नल मसूद अमीर बेहरानी हा ते घर बाजारभावाच्या मानाने अत्यल्प किमतीस विकत घेतो. अमेरिकेत तो दिवसा रस्त्याच्या कामावर मजुरी व रात्री एका दुकानात नोकरी करतो. परंतु इराणी समाजात आपली पत राहावी म्हणून काम संपल्यावर कपडे बदलून सुटाबुटात घरी परततो. घर चढ्या भावाने विकून मुलगा इस्माईल याच्या शिक्षणाची तरतूद करावी, असा त्याचा बेत असतो. समुद्र दिसावा म्हणून तो घरावर सज्जा बांधू लागतो; कारण कॅस्पियन समुद्राकाठच्या आपल्या जुन्या बंगल्याची आठवण त्याच्या मनात घर करून असते.

कॅथी वकिलाकडे धाव घेते. चूक प्रशासनाची असली, तरी बेहरानीने रीतसर लिलावात घर घेतलेले असते. भरलेली रक्कम परत घेऊन घर सोडण्यास तो नकार देतो आणि पूर्ण बाजारभाव मागतो. कॅथीच्या प्रेमात पडलेला लेस्टर बर्डन हा पोलीस अधिकारी बेहरानी कुटुंबाला देशाबाहेर घालविण्याची धमकी देतो. निराश झालेली कॅथी घरासमोरच आत्महत्येचा प्रयत्न करते, तेव्हा बेहरानी व त्याची पत्नी नादेरे हेच तिला घरात आणतात व तिचा जीव वाचवितात. हे न जाणता लेस्टर घरात घुसतो व सर्वांना ओलीस धरतो. तडजोडीसाठी तो बापलेकांना सरकारी कचेरीकडे घेऊन जात असता झटापट होते. लेस्टरचे पिस्तूल हाती घेतलेल्या इस्माईलवर पोलीस गोळी झाडतात व त्यात तो मरण पावतो. बेहरानी पत्नीस चहातून विष देतो आणि आपला जुना लष्करी गणवेश चढवून स्वतःचाही अंत करतो. हे घर तुमचे काय, ह्या पोलिसाच्या प्रश्नास अखेर कॅथी नकारार्थी उत्तर देते. त्याच प्रश्नाने चित्रपटाचा आरंभही झालेला असतो.

कायदेशीर बाजू : करवसुलीसाठी स्थावर मालमत्तेचा लिलाव करण्याचा अधिकार अमेरिकेत स्थानिक प्रशासनास असतो. अशा विक्रीत नोटीस पाठविल्याने कायद्याची पूर्तता होते. ती वाचली गेली किंवा नाही, हा प्रश्न सहसा गौण ठरतो. सद्भावपूर्वक खरेदी करणाऱ्यास संरक्षण मिळाले नाही, तर लिलावावरील विश्वासच उरणार नाही; उलट, ते संरक्षण पूर्ण मानल्यास प्रशासनाच्या चुकीची किंमत निरपराध मूळ मालकास मोजावी लागते. चित्रपटातील पेच ह्या दोन तत्त्वांच्या विरोधातून निर्माण होतो. अशा लिलावांविषयीचा वाद पुढेही चालू राहिला. मिनेसोटा राज्यातील एका प्रकरणात सु. १५,००० डॉलर थकबाकीपोटी प्रशासनाने ताब्यात घेतलेले घर ४०,००० डॉलरांस विकून सर्व रक्कम स्वतःकडे ठेवली होती. थकबाकीहून अधिक असलेली रक्कम अशा रीतीने ठेवून घेणे म्हणजे मोबदला न देता खाजगी मालमत्ता घेणे होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये एकमताने दिला. चित्रपटातील प्रश्न मात्र उरलेल्या रकमेचा नसून खुद्द घराचा आहे, आणि त्याचे मोल पैशात होत नाही.

शोकात्म स्वरूप : जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याच्या मते, श्रेष्ठ शोकात्मिकेत सत् व असत् यांचा संघर्ष नसून दोन न्याय्य बाजूंचा संघर्ष असतो, सॉफोक्लीझचे अँटिगॉन हे त्याचे त्याने दिलेले उदाहरण होय. प्रस्तुत चित्रपट ह्या प्रकारात मोडतो. कॅथीला ते घर म्हणजे वडिलांच्या आयुष्यभराच्या कष्टांचे फळ वाटते, तर बेहरानीला गेलेल्या प्रतिष्ठेच्या पुनःप्राप्तीचे साधन. दोघांचीही मागणी रास्त असल्याने प्रेक्षकाची सहानुभूती एका बाजूस स्थिर होत नाही. कोणीही दुष्ट नसताना अभिमान, भय व परस्परांविषयीचे अज्ञान यांमुळे विनाश ओढवतो. कॅथीच्या पायात खिळा घुसल्यावर नादेरे तिची मलमपट्टी करते, हा प्रसंग ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. भाषा नीटशी अवगत नसलेली ही स्त्री जे सहज करते, ते इतरांना वेळीच साधले असते, तर अनर्थ टळला असता. डीकिन्सने किनाऱ्यावरील दाट धुक्याचा केलेला उपयोग ह्या अज्ञानाचे सूचन करतो.

कादंबरीत बेहरानी व कॅथी यांची प्रथमपुरुषी निवेदने आलटून पालटून येतात. त्यामुळे वाचक दोन्ही मनांत वावरतो. चित्रपटाने हे निवेदन गाळून तोच समतोल अभिनय व दृश्ययोजना यांद्वारे साधला आहे. शेवटही दोहोंत भिन्न आहे : कादंबरीअखेर कॅथी बंदिवासात असते.

अभिनय व सन्मान : गुजराती वंशाच्या पित्याचा पुत्र असलेला बेन किंग्झली (मूळ नाव कृष्णा भानजी) गांधी (१९८२) ह्या चित्रपटातील भूमिकेमुळे भारतीय प्रेक्षकांस सुपरिचित आहे. बेहरानीचा ताठा, वात्सल्य व अखेरचा आक्रोश त्याने संयमाने व्यक्त केला. नादेरेची भूमिका करणारी अग्दाश्लू ही मूळची तेहरानची अभिनेत्री असून क्रांतीच्या काळात तिनेही इराण सोडले होते. ह्या भूमिकेसाठी तिला न्यूयॉर्क व लॉस अँजेल्स येथील चित्रपटसमीक्षक संघटनांनी पारितोषिके दिली. २००४ च्या ऑस्कर पारितोषिकांसाठी किंग्झली (प्रमुख अभिनेता), अग्दाश्लू (साहाय्यक अभिनेत्री) व हॉर्नर (संगीत) यांना नामांकने मिळाली. तथापि प्रत्यक्ष पारितोषिक एकासही लाभले नाही. अखंड गंभीर सूर व शेवटच्या भागातील मृत्यूंची मालिका यांमुळे चित्रपट काहीसा जड होतो, असा आक्षेप घेता येतो. तरीही स्थलांतरित आणि मूळ रहिवासी ह्या दोघांनाही समान न्यायाने पाहणारी कलाकृती म्हणून तिचे महत्त्व आहे.