टाकी तयार होताना खडकावरचे जीव मरायलाच हवेत का?

कोरेगावात खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची, तर समुद्र घाटापलीकडे आणि उन्हाळ्यात गोड्या पाण्याचीही ओढ. अशा ठिकाणी खर्च करून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ पहिल्या महिन्यातच मेला, तर दुसरा आणणं सोपं नसतं. लाइव्ह रॉक म्हणजे छिद्राछिद्रांचा चुनखडीचा खडक. त्याच्यासोबत जिवाणू, जांभळं शेवाळ, स्पंज, केसाळ किडे, गोगलगायी, नखाएवढे तारामासे असे बरेच पाहुणे येतात. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा जम बसेपर्यंतच्या काळाला छंदिष्ट ‘सायकल’ म्हणतात. या काळात पाहुणे मरायचेच, असं धरून चाललं जातं. त्यामागचे समज एकेक करून पाहू.

गैरसमज : सायकल पूर्ण व्हायची तर अमोनिया भरपूर चढलाच पाहिजे.

वस्तुस्थिती : उसाला युरिया घालणाऱ्याला ही क्रिया नवी नाही. युरियाचा अमोनिया होतो आणि मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. थोड्या अमोनियावरही त्यांचं काम चालू राहतं. ओल्या खडकावर ते आधीपासूनच असतात आणि प्रवासात जे थोडंफार मरतं, तेवढं खाद्य त्यांना पुरतं. मेलेली कोळंबी टाकून अमोनिया चढवायची युक्ती कोरड्या खडकासाठी आहे. जिवंत खडकावर तिने नाहक जीव जातात.

शिवाय खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. पीएच ७ च्या तुलनेत इथे अमोनियाचा विषारी वाटा दहापटीहून जास्त भरतो. गप्पींच्या टाकीत खपून गेलेलं प्रमाण इथे जीव घेऊ शकतं. म्हणून रोज चाचणी करावी आणि आकडा ०.२५ पीपीएमच्या वर सरकला की हालचाल करावी.

गैरसमज : सायकल चालू असताना पाणी बदललं, तर जिवाणू निघून जातात.

वस्तुस्थिती : हे जिवाणू मुख्यतः खडकाला, वाळूला आणि फिल्टरच्या स्पंजला चिकटून वाढतात, मोकळ्या पाण्यात ते फार थोडे असतात. त्यामुळे वीस-तीस टक्के पाणी बदलल्याने सायकल मोडत नाही, पाहुणे मात्र वाचतात. नवं पाणी तापमानाला आणि खारटपणाला जुन्याशी जुळतं हवं : विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. खडकावरचा स्पंज पांढुरका पडून वास मारू लागला असेल, तर तेवढा भाग ब्रशने खरवडून काढावा.

गैरसमज : मासे नाहीत तोवर लाइट, प्रवाह, तापमान यांची चिंता नको.

वस्तुस्थिती : नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, तो पाणी खेळतं असेल तरच खडकाच्या छिद्रांपर्यंत पोचतो. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असावा. जांभळ्या शेवाळाला दिवसातून काही तास उजेड पुरतो. दिवसभर लाइट ठेवला तर हिरवं शेवाळ माजतं. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास राहावं. आणि उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही. कमी झालेली पातळी रोज बिनमिठाच्या आरओ पाण्याने भरावी, नाहीतर टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते.

गैरसमज : बोअरच्या पाण्यात घरचं मीठ घातलं की समुद्राचं पाणी तयार.

वस्तुस्थिती : समुद्राच्या क्षारांत वजनाने सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड असतं. उरलेल्या वाट्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम असतात आणि शिंपला बांधणारे जीव त्यांच्यावरच जगतात. त्यामुळे मत्स्यटाकीसाठीचं सागरी मीठच घ्यावं. शेतीपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खतांचं नायट्रेट झिरपलेलं असू शकतं. घरचा आरओसुद्धा तपासून घ्यावा : पिण्याच्या अनेक यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं.

गैरसमज : किडे दिसले की खडक गोड्या पाण्यात बुडवावा किंवा उकळून घ्यावा.

वस्तुस्थिती : बहुतेक केसाळ किडे सडकं खाऊन टाकी साफ ठेवतात. त्यांना मारलं की तेच सडतात आणि अमोनिया वाढतो. त्यांचे केस टोचतात, म्हणून हातमोजे घालावेत. उकळणं तर माणसालाच धोक्याचं. खडकावर झोअँथिड जातीचे बटणासारखे जीव असले, तर काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असा खडक उकळल्यावर वाफेने माणसं आजारी पडल्याच्या घटना घडल्या आहेत.

खरे उपद्रवी थोडेच : मँटिस श्रिम्प, मोठे केसाळ खेकडे आणि एप्टेशिया हे समुद्रफूल. पहिल्या दोघांना सापळा लावून पकडावं. एप्टेशिया चिरडू नये. उरलेल्या तुकड्यांतून नवी समुद्रफुलं वाढतात.

गैरसमज : मालवणला गेलं की खडक फुकटात उचलून आणता येतो.

वस्तुस्थिती : मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. अभयारण्याबाहेरही सूट नाही. रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही या कायद्याच्या कक्षेत येतो. परदेशातून येणारा खडक आंतरराष्ट्रीय ‘साइटीस’ कराराखाली येतो, म्हणून विक्रेत्याकडे कागदपत्रं मागावीत. सगळ्यात सुटसुटीत वाट अशी : सिरॅमिकचा किंवा घडवलेला कोरडा खडक घ्यावा आणि एखाद्या मुरलेल्या टाकीतला तसाच छोटा तुकडा विरजणासारखा त्यात ठेवावा. तो पाण्यात बुडवूनच आणावा. हवा लागली की स्पंज मरतात.

गैरसमज : नायट्राइट शून्य झालं की त्याच दिवशी मासे भरावेत.

वस्तुस्थिती : अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य दिसायला हवेत. मुरलेल्या ओल्या खडकाने हे दोन-तीन आठवड्यांत, कधी त्याहीआधी साधतं. कोरड्याला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही घाई नको. कोपेपॉडसारखे बारीक जीव बऱ्याच माशांचं खाद्य आहेत. ते वाढण्याआधी मासे आले, तर सायकलमधून वाचलेले पाहुणे पोटात जातात. आधी एक-दोन शेवाळखाऊ गोगलगायी सोडाव्यात, मग काही आठवड्यांनी पहिला मासा आणि त्याच्यानंतर पुन्हा अमोनियाची चाचणी.